टिंब

नाशिक रोडला गाडी लागली तेव्हा
नानांनी हातातली चिठ्ठी दोनदा वाचली.
पोरं खिडक्यांतूनसुद्धा उतरत होती,
ट्रंका, वळकट्या, एक रिकामा पिंजरा.
प्रत्येकाच्या छातीवर टाचणीनं लावलेला कागद,
मोडीच्या भांड्यांना आम्ही
वजन लिहून लावायचो तसा.

नीलकंठ रावजी मयेकर. वय पाच. माझगाव.
सोबत बहीण इंदुमती, वय नऊ.
तिनं नानांना विचारलं,
तुम्हीच का ते, कागदावरचे?
नाना म्हणाले, हो, मीच.
मग टांग्यात कोणी बोललं नाही.

त्या साली तांबट आळी मुकी होती.
पत्रा लढाईवर गेला होता,
काडतुसं व्हायला, असं म्हणत.
अर्धवट घंगाळं ओटीवर पडलेली,
हातोड्या खुंटीला.
माणसं सवयीनं पहाटे उठत
आणि हात कुठं ठेवावे ते न कळून
विड्या ओढत बसत.

मुंबईवर बाँब पडणार म्हणून ही पोरं आमच्याकडे,
आणि आमच्याकडे रोज सकाळी
देवळालीच्या माळावर तोफांचा सराव.
पहिल्या दिवशी धडाड् झालं
नि नीलकंठ दिसेना.
आई विहिरीत डोकावून आली.
इंदुमती जागची हलली नाही. म्हणाली,
घरी तो पिंपात बसतो.

सगळ्यात मोठ्या घंगाळात सापडला,
वर पोतं ओढून घेतलेलं.
आतून विचारलं, गेलं का?
नानांनी खुंटीवरची हातोडी काढली,
कडेवर हलक्या हातानं दोन ठोके दिले.
गेलं.

पुढं तो रिवाजच पडला.
तो आत, नाना बाहेर, मधे तांब्याची जाडी.
आळीत त्या उन्हाळ्यात तेवढाच ठोका.

आपल्याच तोफा रे त्या, आई समजवायची.
त्यांना माहीत आहे का? तो विचारायचा.

इंदुमती माझ्या गोधडीत झोपे,
थंड पाय माझ्या पायांवर टाकून.
मला तिचा राग यायचा, खोटं कशाला बोलू.
आई वेणी आता आधी तिची घालायची.
गंगेवर धुणं घेऊन गेलो की ती विचारी,
हे पाणी मुंबईला जातं?
मी म्हणे, छे, उलटीकडे जातं.
सांगताना बरं वाटायचं.

दिवाळी झाली नि पत्र आलं.
इथं काही पडलं नाही, मुलांना पाठवावे.
निघायच्या सकाळी नानांनी त्याच्या वाटीवर
टोच्यानं नाव घातलं, ठिपका ठिपका करून.
तो नुकताच वाचायला शिकलेला.
बोट फिरवत म्हणाला, नी, ल, क, ठ.
नाना, टिंब राहिलं.
टांगा दारात होता.
नाना म्हणाले, राहू दे वाटी इथंच,
टिंब मी देतो, तू न्यायला ये.

रावजी मयेकर गोदीत विंचवर होते.
चव्वेचाळीसच्या एप्रिलात गोदी उडाली,
नानांनी माझगावला चार कार्डं टाकली.
एक परत आलं, पत्ता सापडत नाही म्हणून.
आई म्हणे, तीन पोचली असतील मग.

परवा सुनेनं वाटी घासता घासता विचारलं,
हा नीलकठ कोण?
सांगितलं. तर म्हणाली, एवढंच ना,
एक टिंब, देऊन टाका.

टोचा आहे. हातही चालतो अजून.
पण ते तो न्यायला आल्यावर द्यायचं
असं ठरलंय.