चावा

आठवडाभर मी दात ओततो.
वजिराबादेत, जिन्याखालच्या खोलीत
डॉक्टरांकडून गुलाबी ठसे येतात, चिठ्ठी लावलेले:
खालचा जबडा. चंपाबाई, उमरी. घाई आहे, नातवाचं लग्न.
मी प्लास्टर कालवतो, वाटी ठोकून बुडबुडे काढतो,
आणि दिवेलागणीला टेबलावर
अनोळखी माणसं तोंड उघडून बसलेली असतात, रांगेनं.

रविवारीही तेच प्लास्टर, तीच रबरी वाटी,
फक्त ठसा माशाचा.
पिराजीनं दिला होता, बोटाएवढा.
नाव विचारलं तर म्हणाला, बारीक मासा, दुसरं काय.
अर्धा प्लास्टरात निजवला, वर साबणाचा हात,
मग दुसरा थर.
उघडलं तर खवलं न् खवलं उतरलेलं,
उघडा डोळासुद्धा.

कथील खाजामियाँचं.
इतवाऱ्यातल्या त्यांच्या भट्टीत आता मांजर विते.
घराघरातलं पितळ मोडीत गेलं,
स्टीलला कल्हई कोण करतो?
ट्रंकेतून एक कांडी काढून
त्यांनी माझ्या कानाशी वाकवली.
करकर असा आवाज आला, आतून, बारीक.
"रोता की नै? शिशा गूंगा रहता.
जो रोया वोइच असली."
पैसे मोजून घेतले. कांडी मात्र
जरा उशिरानं सोडली हातातून.

पहिल्यांदा घाई केली मी.
साच्यात ओल होती, दिसली नाही.
पळीतलं ओतलं आणि ते फाडकन उसळलं,
छताला चिकटलं, मनगटावर मसुराएवढं बसलं.
डाग आहे अजून.
बायको म्हणाली, बाजारात वीस रुपयाला मिळतो की प्लास्टिकचा.
मिळतो.

आता साचा दोन दिवस पत्र्यावर, उन्हात.
मग मंद आचेवर पळी.
कथील वितळताना आधी काहीच होत नाही,
बराच वेळ काहीच होत नाही,
आणि एकदम कांडीचं पाणी.
वर दुधासारखी साय धरते, ती काडीनं सारायची,
श्वास रोखून ओतायचं, न थांबता.
थांबलात तर माशाला कंबरेत सांधा राहतो.
कडा कानशीनं घासायच्या, नाकात तार, शेपटीला गळ.
सतरा झाले असे. नऊ धरणाच्या तळाशी.

विष्णुपुरीच्या पाण्यावर पहाटे
पिराजी थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं ओढतो.
"काय करायलास सर? माशाला मासा दाखवायलास?
येडं हाय का ते?"
मी फेकतो. चमकत जातो, बुडतो, ओढतो.
फेकतो.
दिवाळीपर्यंत एक शेवाळाचा गोळा
आणि कुणाची तरी चप्पल.

मग त्या दिवशी बेशरमीच्या झुडपाजवळ
दोरी माझी राहिली नाही.
काठी वाकली, रीळ किंचाळलं,
पाय चिखलात घोट्यापर्यंत,
किती वेळ कुणास ठाऊक,
आणि सैल.

ओढून घेतला. कथील मऊ असतं.
पाठीवर ठिपक्यांची एक कमान, पोटावर दुसरी.
उजेडाकडे धरला, सवयीनं:
वरचा जबडा. खालचा जबडा.
डावीकडे जोर जास्त. एक दात नाही.

"मरळ होती," पिराजी म्हणाला, "मोठी."
कशावरून?
"गेली न्हवं."

सोमवारी चंपाबाईंची कवळी पॉलिश करून डबीत ठेवली.
वाटीत थोडं प्लास्टर उरलं होतं.
चावलेला मासा त्यात अलगद निजवला,
आता पुढचे सगळे चावलेलेच निघतील.
वाळेपर्यंत इतर ठशांच्या रांगेत ठेवला,
आणि कुणी चुकून डॉक्टरांकडे पाठवू नये म्हणून
चिठ्ठी लावली:
दोन्ही जबडे. विष्णुपुरी.
घाई नाही.