शेऱ्याचा रकाना

ये ऋजुता, दार लोटून घे. इथे रडलं तरी चालतं.
ही जुन्या दप्तरांची खोली. या कपाटांनी
माझ्या आधीच्या तीन मुख्याध्यापिका रडताना पाहिल्यात
आणि कुणाचीच चहाडी केलेली नाही.
हा नॅपकीन घे. सत्काराचा आहे,
नारळाबरोबर आलेला, अजून कोरा.

मनगट दाखव.
चार दात उमटलेत. पाचवा गेल्या आठवड्यात पडला त्याचा,
कागदाच्या पुडीत आणून मला दाखवला होता.

तिसरी ब. सम्यक हिवराळे.
तुझ्या नोंदवहीत तो असा आहे:
जागेवर बसत नाही. बोलत नाही.
पट्टी फेकतो. चावतो. पालक येत नाहीत.
सगळं खरं. अक्षरही सुरेख.
पण शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद,
त्यात मूल मावत नाही,
मावतो तो आपला थकवा.

द्वारकाबाईंना विचारलंस कधी?
हुद्द्यापुढे शिपाई लिहिलंय खरं,
पण रोज सकाळी फाटकाशी उभ्या राहून त्या
साडेचारशे चेहरे वाचतात, हजेरीपटाच्या आधी.
त्या म्हणाल्या, बाई, हा पोरगा दाराकडे पाठ करत नाय.
नळावर पाणी पण मान वळवून पितो.
खिचडीच्या रांगेत शेवटी ऱ्हातो,
मागं कुणी नको म्हणून.

आणि तू त्याला उंचीप्रमाणे पहिल्या बाकावर बसवलंस,
दार पाठीशी.
तू चुकली नाहीस. परिपत्रकात उंचीच आहे.

घरी दार कोण वाजवतं, कसं वाजवतं,
मला ठाऊक नाही. तूही अंदाज बांधू नकोस.
सातवा मजला, बंद लिफ्ट,
आई चेंबूरला तीन घरी पोळ्या लाटते,
एवढं आपल्याला माहीत. बाकीचं त्याचं आहे.
तो देईल तेव्हा घे.

अठ्ठ्याण्णव साली, घाटल्याच्या शाळेत,
एका मुलीला मी दिवसभर बाहेर उभं केलं होतं,
पाढे म्हणत नाही म्हणून.
तिला ऐकू येत नव्हतं.
कळलं तेव्हा मार्च संपत आला होता.
तिचं नाव अजून जिभेवर येतं, आणि मी गिळते.
साठ मुलं, एक फळा, आणि मी बावीस वर्षांची.
तेव्हा मलाही कुणी विचारलं नाही,
जेवलीस का.

जेवलीस का?

डबा काढ. ते ऑनलाइन तक्ते राहू देत.
वरून फोन आला तर सांगेन, रेंज नव्हती;
मानखुर्दचं नाव घेतलं की त्यांना पटतं.
चौथा तास मी घेते.

*

वर्गात गेले. काही बोलले नाही.
मागचा बाक ओढत भिंतीला लावला,
असा करकरला की सगळ्यांनी कान झाकले.
त्याने नाही झाकले. तो दार पाहत होता.
मग भिंत पाहिली. मग बाक.
मी फळ्यावर हातच्याची बेरीज लिहू लागले,
मुद्दाम पाठमोरी, बराच वेळ.
घरून आणलेला हातचा
कुठे मांडतात हे मला आजवर जमलेलं नाही.
वळले तेव्हा तो तिथे होता,
पाठ भिंतीला, पाय अधांतरी,
पट्टी धरून रेघ मारत.

*

गुरुवारी ती पट्टी खिडकीबाहेर गेली.
खाली कुणाच्या तरी वाळत घातलेल्या बोंबलांत पडली,
बराच आरडाओरडा झाला.

तू आलीस. डोळे कोरडे होते, केस विस्कटलेले.
म्हणालीस, बाई, त्याच्या आधी दार धाडकन आपटलं होतं.
वाऱ्याने.

मी नोंदवही तुझ्यापुढे सरकवली.
तू शेऱ्याचा रकाना सोडलास
आणि समासात लिहायला लागलीस.