करडा रंग, झळकू नये असा

अर्जात लिहिलंय: ऐंशी फुटी मनोरा,
रंग करडा, झळकू नये असा.
जंगल सरकारी, मुदत तीस वर्षं.

वर्ना टकेट चष्मा पुसते.
आयडाहोतल्या या कचेरीत
तिनंच दोनदा फेटाळलाय हा अर्ज,
कड्यावरची रात्र काळीच राहावी म्हणून.

मार्चात ऑर्विल, तिचा धाकटा भाऊ,
उलटलेल्या ट्रकशेजारी
रेंज शोधत होता म्हणे.
सापडला तेव्हा
फोनचा हात तसाच, वर.

ती शिक्का मारते.
मग अटींखाली पेनानं वाढवते:
दिवा नको.
घुबडांची वीण उरकेपर्यंत
यंत्रं चढवू नयेत.

घरी जाताना त्याच वळणावर थांबते,
फोन उंच धरून बघते.
काही नाही.
पाइनचा वास, आणि
अजून पुरता अंधार.