चौथ्या कार्डावर

एकवीस हळदी शूट केल्या
तेव्हा कुठे हा कॅमेरा फिटला.
घणसोली, तळवली, बोनकोडे.
रात्री दोनपर्यंत बँजो, पिवळेधमक झालेले काका,
आणि लेन्सच्या कडेला अजून अडकलेला हळदीचा एक कण
जो मी मुद्दाम काढत नाही.

त्याच कॅमेऱ्याने चैत्रात
सारसोळ्याच्या पालखीमागे चाललो,
कार्ल्याच्या आईकडे, चार दिवस.
निर्माता मी, दिग्दर्शक मी, ट्रायपॉड वाहणारा मी.
आवाजाला अश्फाक, मुंब्र्याचा,
रोजे धरून चालत होता, माइकचा बांबू उंच धरून;
खारघरला सूर्य बुडाला तेव्हा मंडळाच्या टेम्पोतलं
पहिलं कलिंगड त्याच्यासाठी कापलं गेलं.
(तो शॉट माझ्याकडे नाही. मी कलिंगड खात होतो.)

अध्यक्ष हसुराम मढवी म्हणाले,
"काय पन घे, फक्त बॅनर फुल आला पायजे."
बॅनरवर आई एवढीशी, अध्यक्ष एवढे.
घेतलं. तीन बाजूंनी.

आता एक्केचाळीस तासांचं फुटेज,
जुईनगरची भाड्याची खोली,
पंखा बंद, कारण पंखा चालू असला
की उदोउदो आणि पंखा वेगळा करता येत नाही.
घाटाच्या वळणावर दिव्यांची रांग आहे.
पायऱ्यांवर लोळत जाणारा मुलगा आहे.
गाभाऱ्यापाशी नेमका कुणाचा तरी खांदा आड आला,
तरीही सगळं छान आहे.
कॅलेंडरसारखं छान.

मग चौथं कार्ड.
पहिल्या सकाळचं, अजून नेरूळही सुटलेलं नाही.
बंद केलाय असं समजून खांद्याला टांगलेला कॅमेरा
एकोणीस मिनिटं खाली बघत राहिलेला.
तिरकं डांबर. माझे बूट.
शेजारी पोशाबाय तांडेलच्या
निळ्या पट्ट्याच्या स्लिपर, एक पट्टा दोऱ्याने शिवलेला.

तिचा आवाज लांबून, पण स्वच्छ:
"बांद व्हता हिकरं. पल्यार मिठागर.
मालक दुसराच. मीठ मातर आमचे पायांला."
"मग?" हे मी.
मुलाखतीतला मी नव्हे,
तोंडात वडापाव असलेला मी.
"मंग काय. मंग सेक्टर."

पुढे एका एटीएमसमोर
स्लिपर थांबतात.
पाय बाहेर येतात, आधी डावा.
स्लिपर हातात जातात, चौकटीच्या बाहेर.
आणि ती चालते.
मी मोजलीत: सतरा पावलं.
भेगांमधून काळ्या रेषा, जोडवं नसलेलं बोट,
पेव्हर ब्लॉक, गटाराचं झाकण, पेव्हर ब्लॉक.
मग वाकून स्लिपर पुन्हा खाली ठेवल्याचा
मऊ दोनदा आवाज.

मी तिच्या शेजारीच होतो.
मला दिसलं नाही.
मी समोर चांगली फ्रेम शोधत होतो.

अश्फाकला फोन केला.
म्हटलं, फिल्म नेरूळच्या पुढे जात नाही.
"आणि गड?"
गड काढला.
"आणि बॅनर?"
तो इतका वेळ हसला की मलाच खोकला आला.

सारसोळ्याच्या जेटीवर जवळा पसरत होती
तेव्हा लॅपटॉप घेऊन गेलो.
उन्हात काही दिसेना,
म्हणून तिने पदर ओढून
दोघांच्या डोक्यावरून घेतला.
आत मासळीचा वास आणि तिचे पाय.

"त्वांड नाय घेतलंस?"
"नाही."
"बरा केलास. दात नव्हतं लावलं."

एटीएम आलं तशी गप्प झाली.
सतरा पावलं संपेपर्यंत जवळ्यातला हात हलला नाही.
कावळा येऊन बरंच काही घेऊन गेला.
मग बोटाने स्क्रीनवर टिचकी मारत म्हणाली,
पडद्याला मीठ लागलं ते अजून आहे,
हसली का नाही ते पदराखाली कळलं नाही:

"यवरा तुकरा तरी माजे नावावर कर."