थकायचं कुठं

केरीच्या तिठ्यावर, सोरूच्या हॉटेलात
पातळ भाजीच्या बशा बाजूला सारून
मी नकाशा पसरला.
तेल लागलं, नेमकं अंजुण्याच्या धरणावर.

वाघेरीला तीन वाटा.
पहिली वनखात्याची, जीप जाईल एवढी,
वळसे घेत, डोक्यावर सावली नाही.
सिप्रियानला ती हवी: फोनवर तीच दिसते,
आणि त्याचे बूट नवे आहेत.
दुसरी व्हाळातून, नाकासमोर,
दगडावरून दगडावर.
तिसरी नकाशात नाही.
ती धुळू झोरेच्या बोलण्यात आहे
आणि त्याच्या म्हशींच्या पायांत.

वाळपईच्या शाळेत एकतीस वर्षं
मी हा डोंगर फळ्यावर काढला.
तपकिरी खडू, आत आत जाणारी वर्तुळं,
रेषा दाट म्हणजे चढ उभा,
विरळ म्हणजे सौम्य.
पाच गुणांचा प्रश्न, हमखास यायचा.
खिडकीबाहेर तो उभाच असायचा,
श्रावणात अर्धा पुसलेला.
एकदाही गेले नाही.
वेळ नव्हता, असं सांगते लोकांना.
वेळ होता.

धुळूने नकाशा उलटा धरला,
मग आडवा, मग ठेवून दिला.
‘ही निळी रेघ?’
‘व्हाळ.’
‘शिगम्याच्या दिवसांत?’
आणि अंगठ्याने ती रेघ पुसायला गेला
पाटीवरची असावी तशी.
मग म्हणाला,
‘बाय, थकायचं कुठं ते ठरवलंय?’

सिप्रियान हसला. मी नाही.

‘माथा काय, सगळ्यांचा एकच.
जीपच्या वाटेवर माणूस उन्हात थकतो,
तिथं टेकायला काही नाही.
व्हाळात थकला तर ना वर, ना खाली.
माझ्या वाटेवर एक माट्टी आहे,
बुंध्याशी कातळ, म्हशींनी अंग घासून
गुळगुळीत केलेला. वारा येतो.
थकायचं तर तिथं थक.’

मी डाव्या गुडघ्याला विचारलं.
तो कधी खरं सांगत नाही.

चहाचे पैसे सिप्रियानने दिले, रुसून.
नकाशा घडी होऊन पिशवीत गेला,
उंड्यांच्या खाली.
आणि धुळूची वाट निघाली
खाली.
काजूंमधून, कुणाच्या तरी न्हाणीमागून,
वाळलेल्या मळ्याच्या बांधावरून.
डोंगर आधी डावीकडे सरकला,
मग झाडांमागे, मग नाहीच.
‘चुकलो तर नाही?’
सिप्रियानने फोन आभाळाकडे धरला.
धुळू वळला नाही.
त्याच्यापुढे धुळीत खुरांचे ठसे होते,
काही वर जाणारे, काही परतलेले,
एकमेकांवर पडलेले.

चढाआधी असा उतार असतो
हे मी कुणाला शिकवलं नव्हतं.
गुडघा दुखू लागला होता,
आणि वाघेरी अजून सुरूही झाली नव्हती.