बाल्लारोतली आरोळी

पालेर्मोत सकाळ उजाडते ती आधी कानात.
बाल्लारोच्या बोळात ताडपत्र्या लाल,
त्यांच्याखाली टोमॅटो लाल, माणसं लाल,
बर्फावर तलवारमाशाचं मुंडकं,
टोक आभाळाकडे रोखून,
जणू अजून कुणाशी तरी भांडण मिटायचंय.

रोझोलिनोच्या कढईत हरभऱ्याच्या पिठाच्या वड्या
फुगतात, कडेनं तांबूस होतात.
पाणेल्ले म्हणतात त्यांना इथं.
पावात चार कोंबायच्या, वर लिंबू पिळायचं,
कागद तेलकट व्हायच्या आत संपवायचं.
चाळीस वर्षं तो ओरडला,
"गरम! गरम! तुमच्या सासूच्या जिभेहून गरम!"
आणि रांगेत सगळ्यात पुढं सासवाच.

मार्चमध्ये डॉक्टरांनी त्याचं स्वरयंत्र काढलं.
आता गळ्याशी एक निळा रुमाल,
रुमालामागं शिट्टीसारखा श्वास.
बोलणाऱ्याची माती खपते,
न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात.
पाणेल्लेही राहिले.

एब्रिमा तेव्हा मागं बसून बटाटे सोलायचा.
गांबिया, मग वाळवंट, मग समुद्र,
मग हे टेबल.
एका शनिवारी तो उठला, चिमटा कढईवर आपटला
आणि ओरडला:
तीच सासू, तीच जीभ,
तोच लांबवलेला सिसिलीचा 'आ',
दुसऱ्या 'गरम'नंतरचा तो
अडखळता खोकलासुद्धा.
ऑलिव्हवाल्याचा झारा हवेतच राहिला.
गोगलगायी पाटीच्या काठावरून निसटत होत्या,
कुणी त्यांना आत ढकललं नाही.

तिसऱ्या मजल्यावरून दोरी सुटली.
वाळत घातलेल्या चादरी चुकवत टोपली खाली आली,
आत नेहमीची मोजलेली नाणी.
वर सिन्योरा क्रोचिफिस्सा,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
"रोझोलिनो, आवाज आला का रे परत?"

रोझोलिनोनं मान डोलावली,
जी तिला दिसणार नव्हती.
एब्रिमानं खालूनच सांगितलं,
"आला, सिन्योरा."

टोपली वर गेली.
बराच वेळ नुसतं तेल चरचरत होतं.

मग बाल्कनीतून:
"मीठ जास्त झालंय.
आणि त्या पोराला सांग,
खोकला गाळ म्हणावं.
मला तो तुझाही आवडायचा नाही."

रोझोलिनो हसला. रुमाल हलला, शिट्टी वाजली.
रांगेतलं कुणीतरी म्हणालं,
दोन दे. लिंबू जास्त.