कै. टेंटर लेन

लीड्सला आले तेव्हा एका गोदामाच्या भिंतीवर
जुनी पाटी दिसली : ‘लेट टेंटर लेन’.
मी हसले. इथे रस्त्यांनाही उशीर होतो की काय?
विन्फिल्ड म्हणाला, उशीर नाही गं. वारला तो.

आमच्या गावी वारलेल्या माणसांची नावं रस्त्यांना देतात,
चौकात हार, नावामागे ‘कै.’,
आणि खाली नगरसेवकाचं नाव त्याहून ठळक.
इथे रस्ताच कैलासवासी,
आणि भिंत एकटी सुतक धरून.

याला अकरा वर्षं झाली. मी अजून पालिकेच्या रस्ते खात्यात.
कुणी खणलं की जायचं, माप घ्यायचं,
खड्डा धड बुजवला का ते पाहून सही करायची.
आज पाणीवाल्यांनी खणलंय रिंगरोडच्या कडेला,
एक लेन बंद, नारिंगी शंकू, खिडक्या खाली करून शिव्या.
मी टेप सोडते.

वरचं चार बोटं डांबर ओळखीचं,
त्याची बिलं माझ्या टेबलावरून गेलीत.
मग काँक्रीट, मोटारींसाठी अर्धं गाव सपाट करणाऱ्यांचं,
अजूनही ताठ.
मग विटांचा चुरा.
पाठीला पाठ लावून बांधलेली घरं होती ही,
मागचं दार नसलेली.
भांडून निघालेल्या बाईला
पुढच्याच दारानं निघावं लागायचं, गल्लीच्या देखत.
मग ट्रामचा वीतभर रूळ, गंजून बिस्किटासारखा.
मग काजळी खाल्लेले चौकोनी दगड.
मग माती,
आणि मातीत एक खिळा, दोन्हीकडून टोकदार, काटकोनात वाकलेला.

अशा हजारो खिळ्यांवर
ओलं लोकरी कापड ताणून लावायचे, आटू नये म्हणून.
सबंध उतार चौकटींनी भरलेला असणार,
वारा सुटला की टेकडी फडफडत असणार.
हे मी नकाशात वाचलेलं नाही.
नकाशात नुसत्या रेघा आहेत.

“तू माझ्या स्वयंपाकघरात उभी आहेस.”

चाकांची पिशवी ओढत एक बाई कठड्याशी आलेली.
बर्नडेट मुल्कीन, वय विचारू नये असं.
मी दोन पावलं सरकले.
“आता कोळशाच्या कोठीत.”
मग तिनं छत्रीनं हवेत घरं आखली :
इथे ओर्लिक शिंपी, रात्री दोनपर्यंत मशीन,
आम्ही त्या आवाजावर झोपायचो;
तो मेला तेव्हा आठवडाभर कुणालाच झोप नाही.
तिथे नळ. तिथे माझा भाऊ ट्रामखाली येता येता राहिला.
“आणि दारं? कुणाचंच दार बंद नसायचं.”

विन्फिल्ड शंकू सरळ करत होता. आधीच सरळ असलेला.
“माझा बाप सेंट किट्सहून आला,” तो शंकूलाच म्हणाला,
“या गल्लीत सात दारं वाजवली त्यानं.
सगळी बंद झाली.”

बाई बराच वेळ खड्ड्यात पाहत राहिली.
मला वाटलं, रागावणार.
“कितवं वर्ष?” तिनं विचारलं.
“एकोणसाठ. नोव्हेंबर.”
“आमचा नंबर नऊ होता,” ती म्हणाली.
आणि मग, “मी सहा वर्षांची होते. दार आई उघडायची.”
त्यावर कुणी काही बोललं नाही.
लॉऱ्या तिच्या बैठकीच्या खोलीतून जात राहिल्या.

चार वाजता खड्डा बुजवला.
फॉर्मवर शेवटचा रकाना असतो :
‘मूळ स्थिती पूर्ववत केली. हो / नाही.’
मी रोज ‘हो’वर खूण करते. आजही केली,
पेन जरा अडखळलं, पण थंडीत अडखळतंच.

घरी कोट टांगताना खिशात हात घातला.
खिळा जमा करायचा राहून गेला होता.
अस्तरात रुतून बसलेला,
ओढला तर कापडच ताणलं गेलं.